सेसार मिलस्टाइन

सेसार मिलस्टाइन (८ ऑक्टोबर १९२७, बाहिया ब्लांका, आर्जेन्टिना – २४ मार्च २००२, केंब्रिज, इंग्लंड) हे जीवरसायनशास्त्रज्ञ व प्रतिरक्षाशास्त्रज्ञ होते. मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी एकसारखी प्रतिपिंडे तयार करण्याच्या तंत्राचे ते जॉर्ज क्योलर यांच्यासह जनक होत.

जीवन

मिलस्टाइन यांचा जन्म स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. ब्वेनोस आइरेस विद्यापीठातून विकरांवरील संशोधनासाठी डॉक्टरेट मिळवल्यावर ते केंब्रिजला गेले व तेथे १९६० मध्ये त्यांनी दुसरी डॉक्टरेट संपादन केली. १९६१ मध्ये ते मायदेशी परतले आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत रेण्वीय जीवशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९६२ च्या लष्करी उठावानंतर संस्थेच्या संचालकांवर राजकीय सूडबुद्धीने कारवाई झाली. तिच्या निषेधार्थ मिलस्टाइन यांनी राजीनामा दिला व ते केंब्रिजला परतले. तेथे फ्रेडरिक सँगर यांच्या सूचनेवरून ते प्रतिपिंडांच्या अभ्यासाकडे वळले.

संशोधन

शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाविरुद्ध (प्रतिजनाविरुद्ध) अनेक पेशी वेगवेगळी प्रतिपिंडे निर्माण करतात. त्यामुळे प्राण्याच्या रक्तातून मिळणारी प्रतिपिंडे संमिश्र असतात. प्रतिपिंड निर्माण करणारी एक पेशी वेगळी केली, तरी ती प्रयोगशाळेत फार काळ जगत नाही. क्योलर व मिलस्टाइन यांनी मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील पेशींचा, अखंड वाढणाऱ्या कर्कपेशींशी संयोग घडवून आणला. त्यानंतर ठरावीक पोषकद्रवात संयोग न झालेल्या कर्कपेशी मरतात, प्लीहेतील पेशी काही दिवसांत आपोआप नष्ट होतात आणि संकरित पेशीच तग धरतात. त्यांतील हवी ती एक पेशी निवडून वाढवली, की तिच्या वंशातून एकाच प्रकारची प्रतिपिंडे दीर्घकाळ मिळत राहतात. हे संशोधन ऑगस्ट १९७५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेतील उपयोग

रक्तगट निश्चित करणे, गर्भारपणाची चाचणी, तसेच एचआयव्हीबाधितांच्या रक्तातील सीडी४ पेशींची मोजणी यांसाठी ही प्रतिपिंडे वापरली जातात. 'एलायझा' चाचणीच्या एका प्रकारात पृष्ठभागावर बसवलेले प्रतिपिंड नमुन्यातील प्रतिजन पकडते. विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्याच प्रतिजनाच्या दुसऱ्या भागाला चिकटते आणि विकराच्या क्रियेमुळे रंग उमटतो. प्रत्येक खेपेची प्रतिपिंडे एकसारखी असल्याने निरनिराळ्या प्रयोगशाळांतील निष्कर्षांची तुलना करता येते.

पेटंटचा प्रश्न

मिलस्टाइन यांनी या शोधाची माहिती वैद्यकीय संशोधन परिषदेला वेळीच दिली होती. परंतु त्याचा तात्काळ व्यावहारिक उपयोग संबंधित सरकारी महामंडळाच्या लक्षात न आल्याने पेटंट घेतले गेले नाही. पुढे या तंत्रावर मोठा औषध व निदान उद्योग उभा राहिल्यावर ब्रिटनमध्ये या निर्णयावर बरीच टीका झाली. मिलस्टाइन यांनी स्वतः मात्र आपल्या पेशी इतर संशोधकांना मुक्तपणे पुरवल्या. तंत्राचा प्रसार झपाट्याने होण्यास याचा हातभार लागला.

सन्मान

१९८४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिलस्टाइन, क्योलर व नील्स येर्ने यांना विभागून देण्यात आले. १९८९ मध्ये मिलस्टाइन यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले.