म्हाइंभट : 'लीळाचरित्रा'चे कर्ते आणि कुलूपबंद झालेली त्यांची पोथी

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथेच लिहिला गेला. तो लिहिला म्हाइंभटांनी. सर्वांना समजावा म्हणून साध्या मराठीत लिहिलेला हा ग्रंथ पुढे कित्येक शतके महानुभाव पंथाबाहेरच्या वाचकाला मात्र वाचता येत नव्हता. असे का झाले?

वाद घालायला गेले, शिष्य झाले

म्हाइंभट सराळे गावचे. शास्त्रांचा गाढा अभ्यास होता आणि त्या विद्वत्तेचा अभिमानही होता. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांना वादात हरवावे, या इराद्याने ते त्यांना भेटायला गेले. चर्चेत त्यांचाच अभिमान गळून पडला आणि पुढे त्यांनी स्वामींचे शिष्यत्व पत्करले.

परंपरेनुसार १२७४ साली चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले. त्यानंतर शिष्यपरिवार नागदेवाचार्यांच्या नेतृत्वाखाली रिद्धपूरला जमला. स्वामींचे गुरू गोविंदप्रभू तिथेच राहत होते. म्हाइंभटही त्यांच्या सेवेत राहिले.

आठवणी कागदावर

नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनात घोळवत असत. म्हाइंभटांच्या हे लक्षात आले. या आठवणी ज्यांच्या मनात आहेत ती माणसे गेली, की आठवणीही जातील, ही भीती होती. म्हणून म्हाइंभट एकेका शिष्याकडे गेले. स्वामी कुठे होते, काय बोलले, समोर कोण होते, हे त्यांनी विचारून घेतले. महदाइसांसारख्या स्त्री-शिष्यांच्या आठवणीही त्यात आल्या. जमवलेला मजकूर त्यांनी नागदेवाचार्यांकडून तपासून घेतला. रिद्धपूरच्या वाजेश्वरी या ठिकाणी बसून त्यांनी हे लेखन केले, असे पंथात सांगितले जाते. पुढे त्यांनी गोविंदप्रभूंचेही चरित्र लिहिले.

भाषा मराठीच ठेवली. नागदेवाचार्यांचा तसा कटाक्षच होता : संस्कृतात लिहिले तर साध्या बायाबापड्या वंचित राहतील. त्यामुळे म्हाइंभटांच्या ग्रंथात तेव्हाच्या लोकांचे जेवणखाण, रुसवेफुगवे आणि रस्त्यावरचे बोलणे जसेच्या तसे उतरले.

पोथी हरवली, मग लिपी बदलली

म्हाइंभटांच्या पश्चात, चौदाव्या शतकातल्या धामधुमीत ग्रंथाची मूळ प्रत नाहीशी झाली. ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांनी तो पुन्हा सांगितला. हिराइसांच्या स्मरणातून आलेला पाठ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ग्रंथाचे अनेक पाठ आणि त्यांतले पाठभेद दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

त्याच शतकात पंथाने आपल्या पोथ्यांसाठी सांकेतिक लिपी स्वीकारली. 'सकळ लिपी' तयार करण्याचे श्रेय रवळोबासांना दिले जाते. पुढे सुंदरी, अंक, वज्र, शून्य अशा आणखी लिप्या आल्या. या लिपीची रीत सोपी होती : प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेली दुसरी खूण लिहायची. कोणती खूण कोणत्या अक्षराची, हा तक्ता म्हणजे लिपीची किल्ली. पोथी परक्याच्या हाती पडली तरी मजकूर सुरक्षित राही, कारण किल्ली पोथीत नसे. ती गुरूकडून शिष्याकडे जात असे.

आजच्या मेमरीतले कुलूप

संगणकातल्या काही एसएसडी आणि पेनड्राइव्ह आज हेच काम चिपकडून करून घेतात. ड्राइव्हमधली कंट्रोलर चिप प्रत्येक फाइल साठवण्याआधी 'एईएस' पद्धतीने कूटबद्ध करते आणि वाचताना उलगडते. किल्ली ड्राइव्हमध्येच तयार होते आणि ती संगणकालाही दिसत नाही. आपला पासवर्ड त्या किल्लीचे कुलूप उघडतो. ड्राइव्ह चोरीला गेली तरी चोराच्या हाती निरर्थक आकडे लागतात.

सकळ लिपीशी तुलना केली तर दोन फरक दिसतात. तिथे असंख्य पोथ्यांना एकच किल्ली होती, म्हणून ती एकदा कळली की सगळ्या पोथ्या उघडत. ड्राइव्हमध्ये प्रत्येक नगाची किल्ली वेगळी असते. दुसरा फरक असा की अक्षरांची अदलाबदल अभ्यासकाला चिकाटीने उलगडता येते. २५६ बिटांची किल्ली मात्र अंदाजाने सापडत नाही. किल्ली पुसली तर ड्राइव्हमधला सगळा मजकूर क्षणात कायमचा जातो. जुना संगणक विकताना ही सोय उपयोगी पडते, पण दुसरी प्रत नसेल तर हेच मोठे नुकसान ठरते.

किल्ली बाहेर आली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांतून सकळ लिपीची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मिळाली. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि 'लीळाचरित्र' छापून प्रसिद्ध करणारे ह. ना. नेने यांनी हे काम पुढे नेले. मलकापूरजवळच्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली.

म्हाइंभटांचा ग्रंथ दोन वेगळ्या गोष्टींमुळे टिकला. मूळ प्रत गेली तेव्हा तो माणसांच्या स्मरणातून परत आला. तिथे लिपीचा काही उपयोग नव्हता. त्यानंतर लिपीने त्याला परक्या हातांपासून सांभाळले, पण ज्या सामान्य मराठी वाचकासाठी तो लिहिला होता त्याच्यापासूनही दूर ठेवले. राज्य शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ आता रिद्धपूरलाच आहे आणि 'लीळाचरित्र' कोणालाही देवनागरीत वाचता येते.