जेफ्री हॅरिस: पीयूषिकेचा मालक शोधणारा शास्त्रज्ञ
अंडाशयाला हुकूम देते मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी. पण तिला कोण सांगतं? ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस (१९१३-१९७१) यांचं उत्तर होतं, मेंदूतला हायपोथॅलॅमस. आणि निरोप बारीक रक्तवाहिन्यांतून रसायनाच्या रूपात उतरतो. १९५२मध्ये डोरा याकोबसोन यांच्यासोबत त्यांनी उंदरांच्या माद्यांची पीयूषिका काढून दुसरी बसवली. हायपोथॅलॅमसखाली बसवली तेव्हा काही माद्या चक्क गाभण राहिल्या. मेंदूत इतरत्र बसवली तेव्हा काहीच नाही. सॉली झुकरमन यांना तरीही पटेना: पीयूषिकेचा देठ कापूनही फेरेट ही मुंगसासारखी दिसणारी मादी माजावर आली होती. कापलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा जुळतात, हे हॅरिस यांनी दाखवून दिलं. मेंदूतली अशी रसायनं ओळखल्याबद्दल गियमँ आणि शॅली यांना नोबेल मिळालं १९७७मध्ये. हॅरिस जाऊन तेव्हा ६ वर्षं झाली होती.