लक्ष्मणराव किर्लोस्कर: नांगरामागचं मॅन्युफॅक्चरिंग

गेवराईच्या काळ्या रानात लोखंडी नांगराचं आज कुणाला नवल नाही. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी (१८६९–१९५६) तो बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली.

आधी मुंबईत शिक्षक, मग बेळगावात सायकलचं दुकान. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडीला कारखाना उभा केला. नांगराचे भाग कास्टिंगने, म्हणजे ओतकामाने व्हायचे: वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, थंड झालं की काढायचं.

फायदा काय? सुताराच्या हातचा प्रत्येक लाकडी नांगर वेगळा. इथे मात्र एकाच नमुन्यावरून साचे, म्हणून भागांची मापं सारखी. फाळ झिजला? फक्त फाळ बदला! मोबाईलची फुटलेली स्क्रीन बदलता येते, तीही याच तत्त्वामुळे.