ज्याचापांविना ग्रहगणित : नांदगावचे गणेश दैवज्ञ

आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, नांदगाव नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. सुमारे १५०७ साली येथे गणेश दैवज्ञांचा जन्म झाला. वडील केशव दैवज्ञ हेही नामांकित ज्योतिर्विद होते. ते स्वतः ग्रहांचे वेध घेत आणि ग्रंथातले ग्रह व आकाशातले ग्रह यांतील अंतर टिपून ठेवीत. पोथी आकाशाशी ताडून पाहावी, हा धडा गणेशांना घरातच मिळाला.

त्या काळी ग्रहाचे स्थान काढायचे तर त्रिकोणमितीवाचून गत्यंतर नव्हते. धनुष्य डोळ्यांसमोर आणावे. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याची दोरी म्हणजे जीवा आणि अर्धी दोरी म्हणजे ज्या. हीच कल्पना अरबांकरवी युरोपात गेली आणि आज आपण तिला 'साइन' म्हणतो. मात्र ज्यांच्या पदरी मोठे गणित नव्हते, ते गावोगावचे पंचांगकर्ते ज्या-कोष्टकांशी झगडताना मेटाकुटीला येत.

शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हे आरंभवर्ष धरून गणेशांनी 'ग्रहलाघव' रचला. तेव्हा ते अवघे तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. त्यांनी ज्या आणि चाप यांना साफ फाटा दिला व साध्या गुणाकार-भागाकाराचे नियम दिले. दिवसांची अवाढव्य संख्या टाळण्यासाठी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजले. ज्या ग्रहाबाबत जो सिद्धान्त वेधाशी जुळला, तो त्यांनी घेतला.

कोष्टकाशिवाय हे कसे साधते? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अशाच जातीचा एक नियम आहे. चाप आणि उरलेला परीघ यांचा गुणाकार करावा. तो व्यासाच्या चौपटीने गुणावा. परिघाच्या वर्गाच्या सव्वापटीतून पहिला गुणाकार वजा करून जे उरेल, त्याने भागावे, की जीवा मिळते. परीघ ३६० व चाप ६० घेतल्यास जीवा व्यासाच्या बरोबर निम्मी येते, आणि ते उत्तर अचूक आहे. चाप ९० व व्यास १००० घेतल्यास ७०६ येते. खरे उत्तर ७०७.

'ग्रहलाघव' महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात शतकानुशतके चालला. या सोपेपणामुळे लोक नुसते नियम घोकू लागले आणि कारणे विसरले, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. गाईडवर परीक्षा काढणाऱ्या आपल्याला तो सहज पटावा. पण दोष ग्रंथकर्त्याचा म्हणता येत नाही. शके १४६७ मध्ये, म्हणजे १५४५ साली, त्यांनीच 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती उलगडून दाखविल्या. ज्या वगळूनही ग्रह चुकू न देणे, हे ज्या पुरती समजलेल्यालाच जमते. वाचणाऱ्यांनी मात्र सोपा ग्रंथ उचलला आणि कारणे सांगणारा बाजूला ठेवला. गणेशांनी दोन्ही लिहिले होते.

— द्वितीय वर्ष, कला