बासरीवाला सेनापती : जनरल जॉन रीड

थोरल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १७२१ रोजी, स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात जॉन रीड यांचा जन्म झाला. शिक्षण एडिंबरो विद्यापीठात झाले. पुढचे आयुष्य मात्र पलटणीत गेले. अमेरिकेत व वेस्ट इंडीजमध्ये ते लढले, जखमी झाले. त्या धामधुमीतही बासरीचा नाद सुटला नाही. ते स्वतः रचनाही करीत. त्यांची एक धून स्कॉटिश पलटणींच्या संचलनात अजून वाजते.

पत्नी सुसाना यांच्याकडून आलेली अमेरिकेतील जमीन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास हातची गेली. उतारवयात एका सेनाधिकारी आप्ताची मिळकत त्यांना लाभली. १८०७ साली लंडन येथे ते निवर्तले, तेव्हा पन्नास हजार पौंडांहून अधिक संपत्ती मागे होती. मृत्युपत्रात त्यांनी पहिला हक्क मुलीला दिला. तिला आयुष्यभर उत्पन्न मिळावे; ती निपुत्रिक वारल्यास त्या पैशातून आपल्या विद्यापीठात संगीताचे अध्यासन काढावे; आणि दरवर्षी आपल्या जन्मदिनाच्या सुमारास जलसा करून त्यात आपली एक रचना वाजवावी, अशी त्यांची इच्छा होती.

कन्या १८३८ साली वारली आणि १८३९ साली अध्यासन स्थापन झाले. पहिले प्राध्यापक जॉन थॉमसन यांनी १८४१ साली पहिला जलसा केला. पण त्याच वर्षी तेही गेले. पुढे निराळाच पेच पडला. ठेवीचा पैसा विद्यापीठ इतर कामांकडे वळवू लागले. प्राध्यापक जॉन डोनाल्डसन यांनी हे निमूटपणे सोसले नाही. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर १८५९ साली संगीतासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. १८९२ पासून स्कॉटलंडच्या विद्यापीठांची दारे स्त्रियांनाही उघडली. १९१४ साली आलेल्या डोनाल्ड टोव्ही यांनी १९१७ मध्ये रीड यांच्या नावाचा वाद्यवृंदही उभारला.

भगिनींनो, आपल्या मंडळाची पेटीही अशाच लहानमोठ्या देणग्यांनी भरते. देणारा देऊन जातो. पैसा ठरल्या कामी लागतो की नाही, हे पाहणे मागे राहिलेल्यांकडे असते. रीड यांनी दान दिले, पण ते सार्थकी लागले ते कोणीतरी हिशेब विचारला म्हणून. आपल्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा एवढे स्मरणात ठेवू या.