माय-बहिणींचे वकील : बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार होते, हे आपल्या महागावातल्या लहान लेकरालाही पाठ आहे. पण बाबासाहेब हाडाचे वकील होते आणि आपला सर्वात मोठा खटला ते बायांच्या बाजूने लढले, हे आपण फारसे बोलत नाही.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परतले. अस्पृश्य वकिलाकडे मोठा पक्षकार कोण येणार? परळच्या कचेरीत येत ते गोरगरीब. त्यांची कामे बाबासाहेब कित्येकदा फी न घेता करीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात, कारखान्यात राबणाऱ्या बायांना बाळंतपणात भत्ता मिळावा म्हणून ते बोलले. पुढच्याच वर्षी तसा कायदा झाला. १९३४ मध्ये संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरावरून अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनीच मांडली. खटला हरले, पण समाजाने वाळीत टाकलेला पक्षकार त्यांनी सोडला नाही.

२० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. हजारो बाया आल्या. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा आणि बहुपत्नीकत्व बंद व्हावे, असे ठराव आपल्याच विदर्भात, आपल्याच आया-आज्यांनी केले. पोरींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण व्हावे, असे बाबासाहेबांनी तिथे समजावले.

कायदेमंत्री झाल्यावर तेच त्यांनी हिंदू कोड बिलातून मागितले. लेकीला लेकाएवढा वाटा, विधवेला पुरती मालकी, काडीमोडाचा हक्क, एका नवऱ्याला एकच बायको. सनातन्यांनी आकांत केला आणि सरकारने बिल रेंगाळत ठेवले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्याला इतरही कारणे होती, पण या बिलाची दैना त्यांच्या जिव्हारी लागली होती. पुढे १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे चार कायदे होऊन पास झाले. वारसा कायदा जून १९५६ चा. ऑक्टोबरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. वडिलोपार्जित वावरात लेकीला लेकाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी आपल्याकडे बाप गेला की बहिणीला बोलावून तलाठ्यासमोर हक्क सोडायला लावतात. बिचारी माहेर तुटू नये म्हणून अंगठा देते. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क आपण साडी-चोळीत मिटवतो! मग बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा कोणत्या तोंडाने?

फसवणूक झाली तर बायांनी घाबरू नये. विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा. आणि भावांनो, बहिणीवर ती पाळी येऊच देऊ नका. तिचे नाव आपणहून सातबाऱ्यावर चढवा.

जयभीम! नमो बुद्धाय!