'बिग ब्रदर' आला कुठून? भारतात जन्मलेले ऑर्वेल आणि शिरोळचं कनेक्शन

'बिग बॉस'च्या घरातले कॅमेरे सगळ्यांना माहीत आहेत. हा शो ज्या परदेशी कार्यक्रमावरून आला, त्याचं नाव 'बिग ब्रदर'. ते नाव आहे जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीतलं. सरकार घराघरात नजर ठेवतं, जुनी वर्तमानपत्रं बदलून इतिहास बदलतं आणि नकोशा माणसाची नोंदच पुसून टाकतं, अशी ही कथा. ऑर्वेल यांनी सरकारी यंत्रणा आतून पाहिली होती.

जन्म बिहारमध्ये, नोकरी पोलिसांत

खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, मोतिहारी. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात होते. एरिक साधारण वर्षाचे असताना आई त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. १९२२ मध्ये ते ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाले. हा प्रांत तेव्हा ब्रिटिश भारताचाच भाग होता. साम्राज्याची नोकरी मनाला पटेना, म्हणून पाच वर्षांनी त्यांनी ती सोडली. १९३३ मध्ये पहिलं पुस्तक आलं आणि 'जॉर्ज ऑर्वेल' हे टोपणनावही. स्पेनच्या यादवी युद्धात १९३७ साली त्यांच्या गळ्याला गोळी लागली, पण ते वाचले.

शिरोळचं कनेक्शन काय?

१९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीत भारतासाठी कार्यक्रम करत होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली युद्धाची वार्तापत्रं मराठीतूनही प्रसारित झाली. त्यांच्या सहकारी वेणू चितळे मूळच्या शिरोळच्या, म्हणजे माधवनगर-सांगलीकरांच्या शेजारच्या. तिथे प्रत्येक संहिता सेन्सॉरकडून तपासली जाई. त्याच काळात इकडे सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहत होतं आणि पोलीस भूमिगतांच्या मागावर होते.

स्वतः ऑर्वेलही पाळतीवर

ब्रिटिश गुप्तचरांनी ऑर्वेल यांची फाइल ठेवली होती. ती २००७ मध्ये खुली झाली. दुसरी बाजूही आहे. १९४९ मध्ये ऑर्वेल यांनी कम्युनिस्टांकडे झुकलेल्या वाटणाऱ्या लेखक-पत्रकारांची यादी ब्रिटिश सरकारच्या प्रचार विभागाला दिली. पाळतीचा धोका जगाला सांगणाऱ्या लेखकाने हे का केलं, यावर आजही वाद आहे.

शेवटचं पुस्तक

क्षयाने खंगलेल्या ऑर्वेल यांनी '१९८४' स्कॉटलंडच्या जुरा बेटावर पूर्ण केली. ८ जून १९४९ रोजी ती प्रसिद्ध झाली. २१ जानेवारी १९५० रोजी ते गेले, वय अवघं ४६.

आज का वाचायची?

कादंबरीत पाळतीचा पडदा भिंतीवर आहे, आपला खिशात. लोकेशन, फोटो, बोटांचे ठसे आपण रोज कुठे ना कुठे देतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. आपली माहिती कोण घेतंय आणि कशासाठी, हे विचारण्याचा आधार त्या निकालात आहे. पुढच्या वेळी 'अलाऊ' दाबण्याआधी एवढं लक्षात असू द्या.